विद्यापीठात जागा निघाली, पण कोणती?



बार्शीटाकळीतल्या पोरीनं एम.एस्सी. फिजिक्स केलं की घरी पहिला प्रश्न येतो, "मग आता विद्यापीठात लागशील ना?" विद्यापीठ म्हणजे आपल्याकडे अमरावतीचं संत गाडगे बाबा विद्यापीठ (१९८३), नाहीतर अकोल्याचं कृषी विद्यापीठ (१९६९). जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरते, "विद्यापीठात भरती" एवढं वाचून अर्ज भरला जातो. गफलत इथेच होते.

कारण त्या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या नोकऱ्या असू शकतात. पहिली नियमित सहायक प्राध्यापकाची. सातव्या वेतन आयोगानुसार तिचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. दुसरी तासिका तत्त्वावरची. जितके तास शिकवले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही. तिसरी संशोधन प्रकल्पातली. तिथे ज्युनिअर रिसर्च फेलोला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पण प्रकल्पाचा निधी संपला की कामही संपतं. ही फसवणूक नाही, पीएच.डी.साठी ती चांगली वाट आहे. फक्त तिला कायम नोकरी समजून घरी पेढे वाटू नका.

आता परीक्षेचं. वर्ष वाया जातं ते इथे. यूजीसी नेटच्या विषयांत फिजिक्स नाहीच! फिजिक्सवाल्यांना सीएसआयआर नेट द्यावी लागते, 'भौतिक विज्ञान' या विषयात, तीन तास, २०० गुण. किंवा सेट, जी महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट ही किमान अट आहे. पीएच.डी. सक्तीची नाही, पण निवडीत तिचे गुण धरले जातात.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. तिथे बी.ई. आणि एम.ई. हवं, त्यातल्या एकात प्रथम श्रेणी. नेट लागत नाही. मात्र त्याच इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवायचं तर नेट-सेट लागतेच. एकाच इमारतीत दोन नियम, त्यामुळे पालक गोंधळतात यात नवल नाही.

आणि संशोधन म्हणजे फक्त विद्यापीठ नव्हे. आपल्या शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर नागपूर, बडोदा आणि आयआयटी दिल्ली असं शिकत गेले. १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला तो पुण्याच्या सी-डॅकमध्ये. तेव्हा अमरावतीची जाहिरात पाहताना पुण्याच्या आयुकाची, मुंबईच्या टीआयएफआरचीही पाहायला सांगा.

पुढची जाहिरात आली की पोराला आधी चार गोष्टी शोधायला लावा : पद नियमित की तात्पुरतं, वेतनश्रेणी की मानधन, कोणती परीक्षा, आणि त्या प्रवर्गाला जागा किती. अर्जाचं शुल्क त्यानंतर भरा.