ॲन कर्टिस : न येणाऱ्या गाण्याची गोष्ट

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्यांनी फिलिपिन्सच्या टीव्हीवरच्या एका सूत्रसंचालिकेवर का बोलावं? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकू. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं एक साधा प्रश्न विचारत आलो : जी गोष्ट आपल्याला येत नाही, तिचं माणसानं करावं तरी काय? झाकावी, सोडून द्यावी, की चारचौघांत उघडी करावी? वर्गात या प्रश्नावर चर्चा रंगायची, पण चांगलं उदाहरण हाती लागत नसे. ॲन कर्टिसच्या आयुष्यात ते सापडतं. तेव्हा आधी तिची हकीकत सांगू आणि मग प्रश्नाकडे वळू.

ॲनचा जन्म १७ फेब्रुवारी १९८५ चा, ऑस्ट्रेलियातल्या यारावोंगा गावचा. व्हिक्टोरिया राज्याच्या सीमेवर, मरी नदीच्या काठी वसलेलं हे छोटं गाव. वडील ऑस्ट्रेलियन, आई फिलिपिनो. बाराव्या वर्षी ती सुट्टीसाठी आईच्या देशात आली आणि तिथल्या करमणूक व्यवसायातल्या लोकांच्या नजरेत भरली. १९९७ मध्ये ‘मॅजिक किंगडम’ हा तिचा पहिला चित्रपट आला. सुट्टी लांबली ती कायमचीच. इंग्रजीत वाढलेल्या या मुलीला टागालोग भाषेत संवाद म्हणायचे होते, म्हणजे देशही नवा आणि कामाची भाषाही नवी. सुरुवातीची वर्षं ती जीएमए या वाहिनीवर तरुणांसाठीच्या मालिकांमधून दिसली. २००४ मध्ये ती एबीएस-सीबीएन या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेली.

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं वरवरचं वाटेल. बारा वर्षांची मुलगी सुट्टीवर येते आणि लगेच पडद्यावर जाते, हे घडतं कसं? फिलिपिन्सवर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य होतं, त्यानंतर १९४६ पर्यंत अमेरिकेचं. या काळात गोरा रंग आणि मिश्र रक्त यांना समाजात एक मान मिळत गेला. अशा मिश्र वंशाच्या स्त्रीला तिथे ‘मेस्तिसा’ म्हणतात. तिथल्या सिनेमाच्या पडद्यावर मेस्तिसा चेहऱ्यांची चलती फार जुनी. ॲनसाठी दार उघडलं त्यात तिचे कष्ट होतेच, पण दाराची कडी तिच्या चेहऱ्यानं आधीच निम्मी सरकवलेली होती. हे सांगण्यात तिची निंदा नाही. माणूस स्वतःचा चेहरा निवडून जन्माला येत नाही. पण जे आयतं मिळालं त्याचं पुढे काय केलं, हे विचारता येतं. तेच आपण विचारणार आहोत.

२००५ मध्ये ‘कांपानेरांग कुबा’ या मालिकेत तिनं चर्चची घंटा वाजवणाऱ्या कुबड्या मुलीची भूमिका केली. देखण्या नटीनं कुरूप मुलगी साकारायची आणि कथेतल्या जादूनं पुन्हा देखणी व्हायचं, असा तो मामला. २००८ मध्ये ‘बालेर’ हा चित्रपट आला. १८९८-९९ मध्ये बालेर गावच्या चर्चमध्ये स्पॅनिश सैनिकांची एक तुकडी ३३७ दिवस वेढ्यात अडकून राहिली. युद्ध संपलं तरी त्यांचा त्यावर विश्वास बसेना. या खऱ्या प्रसंगाच्या पार्श्वभूमीवरची ही प्रेमकथा. तिच्यासाठी ॲनला मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढे २०११ चा ‘नो अदर वुमन’ तुफान चालला. २०१८ मध्ये एरिक माटी यांच्या ‘बायबस्ट’मध्ये ती अमली पदार्थविरोधी पथकातली पोलीस झाली. अंगावर येणारा मारधाडीचा चित्रपट, आणि विषय थेट देशात चाललेल्या रक्तरंजित मोहिमेशी जोडलेला. म्हणजे अभिनय तिला येतो, हे मान्य झालेलं आहे. प्रश्न गाण्याचा होता.

फिलिपिन्समध्ये गाणं ही काही ऐरीगैरी गोष्ट नाही बरं का. घरोघरी, गल्लोगल्ली कराओके चालतं. ‘मिस सायगॉन’साठी १९९१ मध्ये ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळवणारी लीआ सलोंगा याच देशातली. अशा कानसेन समाजात ॲन गायला उभी राहिली, आणि तिचा सूर लागत नाही हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं! तरीही २०११ मध्ये तिचा अल्बम आला आणि २८ जानेवारी २०१२ ला तिनं मेट्रो मनिलातल्या अरानेता कोलिसियममध्ये गाण्याचा कार्यक्रम केला. १९७५ मध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची गाजलेली लढत झाली ते हेच सभागृह. लोक तिकिटं काढून आले. बेसूर गाणं ऐकायला आले!

तिनं या कार्यक्रमांना दिलेली नावं बघा. पहिलं ‘ॲनबिस्योसा’. टागालोगमध्ये ‘अंबिस्योसा’ म्हणजे महत्त्वाकांक्षी बाई, आणि त्यात ‘पायरी सोडून उड्या मारणारी’ असा टोमणाही आहे. २०१४ चा दुसरा कार्यक्रम ‘ॲनकापाल’. ‘आंग कापाल’ म्हणजे ‘काय जाड आहे!’ आणि जाड काय, तर तोंडाची कातडी. आपण एखाद्याला कोडगा म्हणतो ना, तसंच. २०१८ चा तिसरा ‘ॲनकुलित’, म्हणजे ‘काय हट्टी आहे!’, आणि त्याच्या उपशीर्षकातच वचन दिलेलं की हा नक्की शेवटचा. लोक जे टोमणे मारणार, ते तिनं आधीच आपल्या नावात ओवून फलकावर लावून टाकले.

हा नुसता विनोद आहे का? ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात तीन प्रकारची माणसं सांगितली आहेत. एक बढाईखोर, जो नसलेलं आहे असं दाखवतो. दुसरा, जो असलेलंही नाही म्हणतो. आणि या दोघांच्या मधला सत्यवचनी, जो आहे तेवढंच सांगतो. त्यात त्यानं एक मार्मिक इशारा दिला आहे : अति साधेपणा हीसुद्धा बढाईच असते, आणि उदाहरण दिलंय स्पार्टन लोकांच्या साध्या कपड्यांचं. आपल्यालाही असे विनयाचे पुतळे माहीत आहेत. मग ॲन यातली कोण? ‘मला गाता येत नाही’ असं म्हणून ती घरी बसली नाही, आणि यंत्राच्या मदतीनं आवाज सजवून गायिका असल्याचं सोंगही तिनं आणलं नाही. जे येत नाही ते येत नाही असं सांगून, तरीही त्यातला आनंद तिनं सोडला नाही. फिलिपिनो समाजात ‘हिया’, म्हणजे लाज, हे मोठं सामाजिक मूल्य मानतात. ‘वलांग हिया’, निर्लज्ज, ही तिथे जिव्हारी लागणारी शिवी. आपल्याकडे म्हणतात, जनाची नाही तरी मनाची लाज असावी. ॲननं जनाची लाज बाजूला ठेवली, पण मनाची ठेवली, कारण तिनं कुणाला फसवलं नाही. आमच्या मते ती सत्यवचन्याच्या जवळ जाते.

आता या युक्तिवादावर आम्हीच एक आक्षेप घेतो, आणि तो हलका नाही. बेसूर गायची ही मुभा सगळ्यांना मिळते का? नोरा आऊनोर हे नाव लक्षात ठेवा. सावळ्या रंगाची, गरीब घरातली, इरिगाच्या रेल्वे स्टेशनवर पाणी विकणारी मुलगी. १९६७ मध्ये तिनं ‘तावाग नंग तांघालान’ ही गायनस्पर्धा जिंकली आणि पुढे ती देशाची सर्वांत मोठी नटी झाली. गोऱ्या चेहऱ्यांची सद्दी तिनं मोडली, ती गळ्याच्या जोरावर. ती बेसूर गायली असती तर? कुणी हसून टाळ्या वाजवल्या नसत्या. ती पुन्हा पाणी विकायला गेली असती. ज्याच्यापाशी गमावण्यासारखं थोडंच आहे, त्याला चूक परवडत नाही. स्वतःवर हसणं हा सद्गुण खरा, पण त्यालाही ऐपत लागते. ॲनपाशी ती होती.

म्हणून तिच्या गाण्यापाशी थांबून निवाडा करता येत नाही. तिचं रोजचं काम बघावं लागतं. २४ ऑक्टोबर २००९ ला एबीएस-सीबीएनवर ‘शोटाइम’ हा सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे २०१२ मध्ये ‘इट्स शोटाइम’ या नावानं तो दुपारी जेवणाच्या वेळेला आला. व्हाइस गांदा, व्होंग नावारो, कारील वगैरे मंडळींसोबत ॲन त्याची सूत्रसंचालिका. फिलिपिन्समध्ये दुपारचा कार्यक्रम म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. ‘ईट बुलागा’ हा त्यातला सर्वांत दीर्घायुषी कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे. खेळ, गाणी, थट्टामस्करी आणि रोख बक्षिसं. गरीब माणसाला वाटतं, आपला नंबर लागला तर कर्ज फिटेल. या आशेचं वजन किती असतं ते ४ फेब्रुवारी २००६ ला दिसलं. ‘वोवोवी’ या दुपारच्याच एका कार्यक्रमाच्या पहिल्या वर्धापनदिनाला पासिग शहरातल्या स्टेडियमबाहेर हजारो लोक जमले, चेंगराचेंगरी झाली आणि सत्तरहून अधिक माणसं मेली.

तेव्हा या मंचावर उभं राहणाऱ्याचं काम नुसतं हसवणं नाही. समोर आलेला माणूस गरजेपोटी आलाय हे ओळखून, त्याची गरज तमाशाला न लावता त्याला बोलतं करायचं. आणि गंमत बघा, २०१६ पासून ‘इट्स शोटाइम’मध्ये ‘तावाग नंग तांघालान’ हीच जुनी स्पर्धा नव्यानं सुरू झाली. नोरा जिथून वर आली तोच दरवाजा, आणि तो उघडून धरणाऱ्यांत ॲन, जिला स्वतःला गाता येत नाही. सूत्रसंचालकाचा धर्मच हा आहे की झोत आपल्यावर असताना तो दुसऱ्याकडे वळवायचा. ज्याला स्वतःच्या उणिवेची लाज वाटत नाही, त्याला दुसऱ्याच्या गुणाचा त्रासही होत नाही. आमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर २०२० नंतर मिळतं. ५ मे २०२० ला सरकारी आदेशानं एबीएस-सीबीएनचं प्रक्षेपण बंद झालं. परवान्याची मुदत संपली होती आणि १० जुलैला लोकप्रतिनिधींच्या समितीनं ७० विरुद्ध ११ मतांनी नवा परवाना नाकारला. याच वाहिनीला १९७२ मध्ये मार्कोस यांच्या लष्करी कायद्यानं टाळं लागलं होतं, ते १९८६ मध्ये उघडलं. आता पुन्हा तेच, तेही महासाथीच्या ऐन भरात. हजारो कर्मचाऱ्यांच्या पोटावर पाय आला. ॲन त्या वेळी प्रसूतीच्या रजेवर होती. मार्च २०२० मध्ये मेलबर्नला तिला मुलगी झाली होती. ऑस्ट्रेलिया जन्मभूमी, हाताशी नाव आणि पैसा. तिथेच राहती तर कुणी बोल लावला नसता. इकडे कार्यक्रम बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरत होता : आधी केबल आणि इंटरनेट, मग ए-टू-झेड, मग टीव्ही-फाइव्ह. २०२२ मध्ये ॲन परतली आणि त्याच मंचावर उभी राहिली. ६ एप्रिल २०२४ ला ‘इट्स शोटाइम’ जीएमएवर गेला, म्हणजे कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरात, जिथे १९९५ पासून दुपारची वेळ ‘ईट बुलागा’ची होती. आणि ॲननं लहानपणी काम केलं ते घर! २०२५ मध्ये गाजलेल्या कोरियन मालिकेच्या ‘इट्स ओके टू नॉट बी ओके’ या फिलिपिनो अवतारात ती नायिका म्हणूनही दिसली.

याच्या जोडीला तिचं युनिसेफसाठीचं काम आहे. मुलांच्या हक्कांसाठी ती २००९ पासून त्या संस्थेसोबत आहे, आणि २०१८ ची लंडन मॅरेथॉन तिनं या कामाला निधी मिळावा म्हणून धावली. तिनं मुलांसाठी एक पुस्तकही लिहिलं, त्याचं उत्पन्न युनिसेफला दिलं. पुस्तक कशावर? गायिका व्हायचं स्वप्न बघणाऱ्या, पण गाता न येणाऱ्या बदकाच्या पिल्लावर.

तर मूळ प्रश्न : जे येत नाही त्याचं काय करावं? ॲनच्या आयुष्यावरून आम्हाला असं दिसतं की कबुली देणं ही पहिली पायरी आहे, आणि ती चढायला थोडं नशीबही लागतं. ज्यांना ते नशीब लाभलं, त्यांची जबाबदारी तिथे संपत नाही. आपल्याला हसत हसत चुकायची मुभा मिळाली, तशी समोरच्या पोरालाही मिळेल का, हे बघणं त्यांच्याकडे येतं. ॲन एकटी ते करू शकत नाही. पडद्यावरची गोऱ्या रंगाची ओढ एका बाईच्या चांगुलपणानं सुटणारी नाही. पण दार उघडं असताना त्यात उभं राहून ते धरून ठेवणं तिला जमलं आहे, आणि सुरात गाण्यापेक्षा ते सोपं नाही.

तुम्हाला यावर वेगळं वाटत असेल, तर आता प्रश्नोत्तरांची वेळ आहे. अवश्य विचारा.