रसायनशास्त्राची पदवी आणि तिच्यापुढील वाटा

वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणजे 'आता बी.एस्सी.च करावे लागणार' असे पुष्कळ विद्यार्थी खिन्न मुद्रेने बोलतात. त्यांच्या वडिलांचा प्रश्न अधिक रोखठोक असतो : "गुरुजी, यंदाच्या हळदीचे पैसे पोराच्या शिक्षणात घालतो, पण पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. रसायनशास्त्रापुरते त्याचे उत्तर आम्ही येथे यथामति देतो.

पदार्थ कशाचा बनला आहे व त्याचे रूपांतर कसे होते, हे शोधणारे शास्त्र म्हणजे रसायनशास्त्र. त्याचे उदाहरण पाहण्यास आखाडा बाळापूर सोडून जावयास नको. हळदीत चुन्याची निवळी पडताच ती तांबडी होते. कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. हळदीतील कुर्क्युमिन हा पिवळा पदार्थ १८१५ साली युरोपात प्रथम वेगळा करण्यात आला, आणि त्याची रचना उलगडावयास १९१० साल उजाडले. आज हळदीची प्रत पाहताना त्याचे प्रमाण मोजतात. हळदीत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळला आहे की काय, हेही रसायनज्ञच सांगू शकतो. शेतकऱ्याच्या श्रमाचे मोल व खाणाऱ्याचे आरोग्य ही दोन्ही अशा परीक्षेवर अवलंबून असतात.

बी.एस्सी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून, नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष करून ऑनर्स पदवीही घेता येते. सेंद्रिय, असेंद्रिय, भौतिक व वैश्लेषिक अशा चार शाखा शिकाव्या लागतात. ज्यास गणिताचा कंटाळा आहे, त्यास भौतिक रसायन जड जाते, हे आधीच सांगून ठेवितो.

आता उपजीविकेचा विचार करू. पदवीधरास औषधांच्या, रंगांच्या व खतांच्या कारखान्यांतील प्रयोगशाळांत परीक्षकाचे काम मिळू शकते. आरंभी वेतन बेताचे असते. साखर कारखान्यात उसाच्या रसातील साखर प्रत्यही मोजणारा केमिस्ट लागतो. त्या धंद्याचे विशेष शिक्षण पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. शिक्षक व्हावयाचे तर बी.एड. हवे. अन्नसुरक्षा अधिकारी होण्यास रसायनातील बी.एस्सी. पुरत नाही, एम.एस्सी. लागते. त्यासाठी नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ जवळ आहे. 'जॅम' ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आय.आय.टी.चे दारही उघडते. संशोधनाची आवड असणाऱ्याने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा दृष्टीपुढे ठेवावी. तात्पर्य, पदवी हा जिन्याचा मधला टप्पा होय, माडी नव्हे.

हा जिना चढताना कमला सोहोनी यांचे चरित्र स्मरावे. रसायन व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहून पुढे इतर स्त्रियांनाही ते दार मोकळे झाले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. संपादून त्या मायदेशी परतल्या, आणि डाळी व नीरा यांच्या पोषकतेवर त्यांनी संशोधन केले. गरिबाच्या ताटातील अन्न हाच त्यांच्या विद्येचा विषय झाला.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, दुसरे काही मिळाले नाही म्हणून या शास्त्राकडे येऊ नका. जिज्ञासा असेल तर अवश्य या. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाची प्रयोगशाळा स्वतः पाहून या, आणि तेथे ब्युरेट विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाते की कपाटात बंद असते, याची चौकशी करा. पुस्तकातील समीकरण पाठ करून पदवी पदरात पडेल. परंतु कारखान्यात वा प्रयोगशाळेत विचारतात ते हाताच्या कसबाविषयी व नोंदीतील सचोटीविषयी. ही दोन ज्याने कमावली, त्याच्या वडिलांना हळदीच्या पैशांची चिंता करण्याचे कारण नाही.