गाविलगडाच्या चढावर सायकल

वऱ्हाडातला माणूस मुळात सपाटीचा. काळी जमीन, कपाशी-तुरीचे वावर, धुऱ्यावरची बाभूळ आणि सरळ रेघेसारखी धावणारी सडक, ही त्याची दुनिया. डोंगर त्याला माहीत असतो तो उत्तरेकडचा एक निळसर पट्टा म्हणून. अमरावतीहून परतवाड्याच्या सडकेला लागले, वलगाव मागे पडले आणि आसेगावजवळ पूर्णा ओलांडली, की हा पट्टा हळूहळू उंच होऊ लागतो. तो सातपुडा. आपल्याकडची त्याची रांग म्हणजे गाविलगडचे डोंगर, आणि त्यांच्या पोटात मेळघाट. बहुतेक जण आयुष्यात तीन-चारदा तिकडे जातात. शाळेच्या सहलीत एकदा, लग्नानंतर एकदा, मग मुलाबाळांना घेऊन पावसाळ्यात एकदा. चिखलदऱ्याचे पॉइंट पाहायचे, भीमकुंडाशी फोटो काढायचा, मक्याचे भाजलेले कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा.

मी गेली वीस-बावीस वर्षे तिकडे सायकलने जातो. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. सुरुवातीला बावीस इंची काळी सायकल होती, आता गिअरची आहे. घरच्यांना ही हौस अजून पटलेली नाही. ‘‘अहो, एस.टी. बंद पडली का?’’ हा प्रश्न दर खेपेला होतो. धामणगाव गढीच्या चहावाल्याने तर मला पहिल्यांदा पाहून सरळ विचारले होते, ‘‘काकाजी, घरी काई भांडन-गिंडन झालं काय? सायकलनं काऊन चालले वरतं?’’ त्याच्या दृष्टीने बरोबरच होते. सायकल म्हणजे ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन, असे आपल्याकडे समीकरण आहे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’ यात्रेतली तरुण मुले कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाली, तेव्हा काही दिवस सायकलीला प्रतिष्ठा आली होती. ती फार टिकली नाही.

अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. म्हणजे सातशे मीटरहून अधिक उंची सायकलस्वाराला आपल्या मांड्यांच्या बळावर चढायची असते, आणि ती जवळजवळ सगळी धामणगाव गढीच्या पुढे. अमरावती ते परतवाडा हा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा ट्रक आणि मोटारींच्या गर्दीचा. तो मी कधीच सायकलीवर करत नाही. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून परतवाड्याला उतरतो, मुक्काम करतो आणि पहाट फुटली की निघतो. पाठीवर ओझे घ्यायचे नाही, सगळे कॅरिअरवर बांधायचे. एक जादा ट्यूब, सोल्युशन, पंप, दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे. घाटात माझा वेग ताशी सहा-सात किलोमीटर असतो. भरभर चालणारा माणूस सोबतीला असेल तर तो गप्पा मारत बरोबर येऊ शकेल.

या चढाला एक जुनी कहाणी आहे, आणि दम लागला की मला ती हमखास आठवते. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोटजवळ अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर आर्थर वेलस्ली गाविलगडावर चालून आला. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग. दक्षिणेची बाजू कड्याची, म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगरांना वळसा घालून उत्तरेकडून वर चढली. अवजड तोफा ओढायला रस्ताच नव्हता. शिपाई आधी रस्ता करीत आणि मग त्याच रस्त्याने तोफा हातांनी ओढत. पाच-सहा दिवस हे चालले होते. १५ डिसेंबरला किल्ला पडला, बेनीसिंग लढताना मारला गेला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. आपण ज्याला निसर्गरम्य घाट म्हणतो त्या भागात रस्ता पहिल्यांदा निघाला तो असा. सायकलीवर बसलेल्या माणसाला तोफ ओढणाऱ्याचे दुःख मोटारीतल्या माणसापेक्षा थोडे अधिक कळते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

घाट संपत आला की मोथा लागते. हे गवळ्यांचे गाव. गाविलगडाचे नावच मुळी गवळ्यांवरून पडले, असे मानतात. इथला खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास, सगळा चढ अंगावर घेऊन आल्यानंतर, द्रोणातली रबडी खाणे हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तो मी मुद्दाम लिहीत नाही, कारण डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली आहे आणि हे पान घरीही वाचले जाते.

पण मी जातो ते रबडीसाठी नाही, चिखलदऱ्याच्या पॉइंटांसाठीही नाही. मी जातो ते पलीकडच्या रस्त्यासाठी. चिखलदऱ्याहून घटांगकडे उतरायचे आणि तिथून सेमाडोहच्या सडकेला लागायचे. आडवारी, म्हणजे मंगळवार-बुधवारी, दिवाळीनंतरच्या दिवसांत या रस्त्यावर तासतासभर एकही वाहन भेटत नाही. दोन्ही बाजूंना साग. सायकलीचा आवाज तो काय, चेनची किरकिर आणि वाळल्या पानांवरून चाक गेले की होणारी चुरचुर. उतारावर तीही बंद होते. मग ऐकू यायला लागते. सुतार पक्ष्याची टकटक कुठल्या झाडावरून येते ते ओळखता येते. वानर खाकरला तर तो नुसताच खाकरला की कुणाला पाहून ओरडला, याचा अंदाज बांधता येतो. याच सातपुड्यात रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड आहे. ते १८८४ नंतर कुणाला सापडले नव्हते, नामशेष झाले असेच समजत होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाटातही आढळले. हे घुबड दिवसाही फिरते आणि ओरडते. मोटारीच्या काचा लावून जाणाऱ्याला ते ऐकू येण्याची शक्यता नाही.

अशाच एका बुधवारी मी घटांगहून सेमाडोहकडे चाललो होतो. मोजत होतो, तासाभरात एकही गाडी नाही. एका वळणावर, झाडाखाली रचलेल्या दगडांवर एक कोरकू बाई बसलेली. मांडीवर साधारण दीड वर्षाचे मूल, सोबत म्हातारी सासू. मला पाहून ती उठून उभी राहिली. ‘‘दादा, पीछे बस आ रही है क्या?’’ मेळघाटात आपल्याशी बोलायला हिंदीच चालते. त्यांची स्वतःची कोरकू भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही, ती मुंडा कुळातली. मी म्हटले, नाही, तासभर काहीच दिसले नाही. मुलाला दोन दिवस ताप होता. त्यांना धारणीच्या रुग्णालयात जायचे होते. म्हातारी सकाळी आठपासून बसली होती. माझ्याजवळच्या बाटलीतले पाणी दिले, दुसरे देण्यासारखे काही नव्हते. सायकलीच्या कॅरिअरवर आजारी मूल आणि आई घेऊन तो रस्ता पार करणे शक्य नव्हते. पुढे पाऊण तासाने एस.टी. मला ओलांडून गेली. मी बाजूला होऊन खिडक्यांकडे पाहत राहिलो, पण गाडी दारापर्यंत भरलेली होती.

तेव्हापासून तो रस्ता मला निराळा दिसतो. तिथली शांतता आपोआप शिल्लक राहिलेली नाही, ती कुणीतरी राखली आहे आणि कुणीतरी तिची किंमत मोजली आहे. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. त्यासाठी पुढे गावे उठली. कोहा, कुंड, बोरी ही आधीची, मग वैराट, चुर्णी आणि आणखी कितीतरी. समोरासमोर दोन ओळींत बांधलेली घरे आणि मधून रस्ता, ही कोरकू गावाची जुनी ठेवण. अकोट तालुक्यातल्या नव्या वसाहतींत माणसे आली, पण सगळ्यांचे बस्तान बसले नाही. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी, गुल्लरघाट भागातले लोक तक्रारी घेऊन पुन्हा जंगलात परतले आणि त्यांची वनविभागाशी चकमक झाली. वाघ राहायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सायकलवरून त्या मोकळ्या झालेल्या माळांकडे पाहताना ‘किती निवांत’ असे म्हणायला जीभ रेटत नाही.

रेल्वेचेही तेच. अकोला-खंडवा ही मीटर गेजची गाडी मेळघाटातून जात असे. धुळघाटला चढ चढण्यासाठी लोहमार्ग गोल वळून आपल्याच अंगावरून पलीकडे जाई. लहान मुले ते पाहायला खिडकीशी भांडत. २०१७ च्या सुरुवातीला हा मार्ग रुंदीकरणासाठी बंद झाला. अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, आणि पुढचा मार्ग जंगल टाळून बाहेरून नेण्याचे ठरले. हा निर्णय मला योग्य वाटतो. मूर्तिजापूर-अचलपूरच्या ‘शकुंतले’चे मात्र वेगळे आहे. किलिक निक्सन कंपनीच्या काळातली ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली, आणि अलीकडच्या वर्षांत बंद पडली. दर्यापूर, अंजनगाव असे करीत जाणारा सुमारे ७६ किलोमीटरचा तिचा मार्ग. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या लोहमार्गांवर सायकलींच्या वाटा केल्या जात आहेत, त्यांना ‘व्हिआस व्हेर्देस’ म्हणजे हिरव्या वाटा म्हणतात. शकुंतलेच्या जागेवर तशी वाट किती सुंदर होईल! सपाट, सावलीची, मोटार नसलेली. माझ्यासारख्याला मोह होतोच. पण अंजनगावच्या बाजारात कुणालाही विचारा, त्याला गाडी हवी आहे, वाट नको. आणि गाडी आधी त्याचीच आहे.

मेळघाटातल्या रस्त्यांबद्दल दर काही दिवसांनी दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, रस्ते रुंद करा, पर्यटन वाढेल. दुसरा म्हणतो, काही करू नका, जंगल आहे तसे राहू द्या. इतकी वर्षे त्या रस्त्यांवर सहा किलोमीटरच्या वेगाने फिरल्यावर माझे मत असे झाले आहे, की घटांग-सेमाडोह-हरिसाल-धारणी या वाटेवर एस.टी.च्या चार फेऱ्या वाढल्या तर रानपिंगळ्याचे काही बिघडणार नाही. त्या फेऱ्यांसाठी रस्ता रुंद करण्याची गरज नाही, लहान गाड्या लागतील. शांतता बिघडते ती पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी, जेव्हा चिखलदऱ्याच्या घाटात आपल्या मोटारींची रांग लागते, दारे उघडी टाकून गाणी लावली जातात आणि दरीत बाटल्या जातात. त्या रांगेत कोरकूंची एकही मोटार नसते. हरिसालला २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून नावाजले गेले. चांगलेच झाले. पण तापाने फणफणलेल्या मुलाला धारणीला न्यायला अखेर चार चाके लागतात.

कुणाला सायकलने जावेसे वाटलेच तर थोडे सांगतो. दसऱ्यानंतर ते जानेवारीअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. मार्चपासून ऊन सोसत नाही. शनिवार-रविवार टाळा. व्याघ्र प्रकल्पातल्या सफारीच्या वाटांवर सायकल नेता येत नाही, सार्वजनिक सडकेवरच राहायचे, आणि निघण्यापूर्वी वनविभागाच्या नाक्यावर विचारून घ्यायचे. सूर्य उगवण्याआधी आणि मावळल्यानंतर रस्त्यावर असू नये. वाघापेक्षा अस्वलाची धास्ती धरावी, असे तिथले लोक सांगतात. अकोलेकरांना चिखलदरा लांब पडत असेल तर त्यांनी अकोटवरून पोपटखेड किंवा शहानूरपर्यंत यावे. शहानूर नरनाळ्याच्या पायथ्याशी आहे. वर किल्ल्यात जाण्याचे फाटक वनविभागाचे, तिथले नियम तिथेच विचारावेत. पण पायथ्यापर्यंतचा रस्ता सकाळच्या वेळी नवख्या सायकलवाल्याला अगदी योग्य आहे, पोरांनाही झेपेल.

होळीच्या दिवसांत गेलात तर वाटेत पोरीबाळी आणि बाया दोर आडवा धरून उभ्या दिसतील. तो फगवा मागण्याचा कोरकूंचा रिवाज. कामासाठी बाहेर गेलेली माणसेही या सणाला गावी परततात. सायकलवाल्याकडून त्या फारशी अपेक्षा ठेवत नाहीत, हसून दोर खाली सोडतात. तरी थांबा, खाली उतरा, खिशात सुट्टे पैसे ठेवत जा.