रस्ता हीच कामाची जागा
लेखमाला : श्वासाचे शास्त्र – लेखांक ६

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक कसा काढतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. शून्य ते पाचशेपर्यंतचा तो आकडा मोबाइलवर पाहून आपण सकाळी फिरायला जायचे की नाही, ते ठरवतो. पण हा आकडा कोणाच्या श्वासातल्या हवेचा असतो? चौकात उभा वाहतूक पोलीस, खराट्याने रस्ता झाडणारी सफाई कामगार, हातगाडीवाला, पथारीवाला, रिक्षाचालक, रस्ता खणणारा बिगारी यांना आकडा पाहून घरी थांबता येत नाही. आणि तो आकडा त्यांच्या हवेबद्दल फारच थोडे सांगतो.

निर्देशांकासाठीची यंत्रे परिसराची सर्वसाधारण हवा मोजतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हवा ओढून घेणारे त्यांचे तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असावे लागते. शिवाय सूक्ष्मकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवरून काढतात, म्हणजे त्यात रस्ता ओस पडलेली मध्यरात्रही येते. चौकातल्या माणसाचे नाक मात्र जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर असते, गाड्यांच्या सायलेन्सरपासून चार पावलांवर, आणि तेही नेमके गर्दीच्या वेळी. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर दूर गेले की झपाट्याने कमी होतात. ते सर्वाधिक असतात तिथेच या माणसांची ड्यूटी असते.

वेळेचाही फेर आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते. तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि धूर-धूळ वर उडून जात नाही. ऊन चढेपर्यंत ती खालीच कोंडून राहते. शहराची झाडलोट नेमकी याच वेळी चालते. कोरड्या रस्त्यावर खराटा फिरला की रात्रभरात बसलेली धूळ पुन्हा उडते. त्या धुळीत माती आणि बांधकामाच्या वाळू-सिमेंटबरोबर टायर व ब्रेक झिजून पडलेला भुगाही असतो. वाहने विजेवर आली तरी टायर झिजणारच, त्यामुळे ही धूळ केवळ इंधन बदलून संपणारी नाही.

आता शरीराचा हिशेब. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. झाडताना, गाडी ढकलताना, खणताना हेच प्रमाण २५ लिटरपर्यंत सहज जाते. आठ तासांत बसून काम करणाऱ्याच्या छातीत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा जाईल, तर कष्ट करणाऱ्याच्या छातीत बारा हजार लिटर. हवा तीच असली तरी विषाचा डोस तिप्पटीहून अधिक होतो. त्यात दम लागला की माणूस तोंडाने श्वास घेतो. फेरीवाला हाळी देतो, पोलीस शिटी फुंकतो, तेव्हाही तोंड उघडेच असते. नाकातले केस आणि ओलावा मोठी धूळ अडवतात, पण तोंडावाटे गेलेल्या हवेला तो पहारा लागत नाही.

दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण बहुतांशी नाक, घसा आणि मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. तिथले सूक्ष्म केस त्यांना कफाबरोबर वर ढकलतात. सकाळचा खोकला आणि काळपट बेडका हा त्याच सफाईचा भाग. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण पार वायुकोशांपर्यंत उतरतात. तिथे त्यांना गिळणाऱ्या संरक्षक पेशी असतात, पण रोजचा मारा सुरू राहिला की दाह कायमचा मुक्कामाला येतो. नलिकांच्या भिंती जाड होतात, कफ वाढतो, वायुकोशांच्या नाजूक भिंती फाटतात. यातूनच सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आजार उद्भवतो. तो फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा, हा समज जुना झाला. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले, ते वेगळेच.

नुकसान व्हायला वर्षे लागतात, पण छाप काही तासांतच दिसते. लंडनमध्ये दम्याचे ६० रुग्ण एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कात दोन-दोन तास चालले. त्या रस्त्यावर फक्त डिझेलवर धावणाऱ्या बस आणि टॅक्सी होत्या. पहिल्या सेकंदात फुंकून बाहेर टाकता येणारी हवा रस्त्यावर ६ टक्क्यांपर्यंत घटली, बागेत जेमतेम २ टक्क्यांपर्यंत. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रश्न दोन तासांचा होता. आपल्या चौकातल्या माणसाची पाळी आठ तासांची असते, आणि अशी वर्षानुवर्षे.

‘मास्क लावा’ हे उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असते. रुमाल किंवा ओढणी मोठी धूळ थोडी अडवते, बारीक कणांपुढे तिचे फारसे चालत नाही. चेहऱ्याला घट्ट बसलेला एन-९५ मास्क खरोखर काम करतो. पण मुंबईच्या घामट हवेत तो आठ तास लावून खराटा मारणे कठीण, आणि शिटी वाजवायची तर तो खाली ओढावाच लागतो. मास्क जरूर द्यावा, पण तो देऊन जबाबदारी संपत नाही.

मुळात रस्त्याला कामाची जागा मानलेच जात नाही. कारखाना अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने घातक पदार्थांसाठी आठ तासांच्या सरासरीच्या मर्यादा आल्या. धुळीने होणारा सिलिकोसिस सरकारला कळवणे तर त्याआधीपासूनच बंधनकारक होते. म्हणजे चार भिंतींच्या आत धूळ हा कामाचा धोका ठरला. तीच धूळ रस्त्यावर छातीत गेली, की ते ‘शहराचे प्रदूषण’ होते आणि कोणाचीच जबाबदारी उरत नाही.

यात बदल शक्य आहे. असंघटित कष्टकऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मालक विखुरलेले असले तरी मंडळामार्फत वर्गणी घेऊन वैद्यकीय सोय करता येते, हे त्या कायद्याने दाखवले. सफाई कामगार आणि पोलीस यांच्याबाबत तर महापालिका आणि सरकार हेच मालक आहेत. त्यांनी कामगाराच्या नाकाच्या उंचीवर हवा मोजावी. झाडण्याआधी पाणी शिंपडावे, मोठ्या रस्त्यांवर धूळ शोषणारी यंत्रे वापरावीत. वर्दळीच्या चौकांतल्या ड्यूट्या फिरत्या ठेवाव्यात. फेरीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समित्या आल्या. विक्रीच्या जागा ठरवताना त्यांनी सिग्नलपासूनचे अंतरही विचारात घ्यावे.

आणि दरवर्षी प्रत्येकाची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची तपासणी व्हावी. सुरुवातीच्या सीओपीडीत छातीचा एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतो, आणि धाप जाणवेपर्यंत बरीच क्षमता गेलेली असते. निरोगी प्रौढाचीही फुंकण्याची ताकद तिशीनंतर वर्षाला सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने घटते. घट त्याहून वेगाने होत असेल, तर ते गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी यंदाचा कागद ठेवल्यावरच कळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आधी थुंकीची टीबीसाठी तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी इनहेलर दिला तर ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने तो टाळू नये. औषध थेट नलिकांत पोहोचवण्याचा तो सर्वांत कमी डोसाचा मार्ग आहे.

एवढ्या तपासण्या केल्या तर खर्च वाढेल, असे म्हटले जाईल. तो खर्च आजही होतोच आहे. तो कामगाराच्या घरातून, पन्नाशीतच सुटलेल्या कामातून आणि उसनवारीच्या औषधांतून वसूल होतो. शहर ज्यांच्या श्वासावर स्वच्छ राहते आणि सुरळीत चालते, त्या श्वासाची जबाबदारी शहराने उघडपणे आपल्या अंदाजपत्रकात घ्यायला हवी.

(पुढील लेखांकात : फुंकण्याच्या तपासणीचा कागद कसा वाचावा)