आंतरजालावरचा आधार

वैजनाथ हे ज्योतिर्लिंग आहे, हे परळीच्या माणसास पटवून देण्याचे कारण नाही. परंतु एखादा विद्यार्थी तेच वाक्य शोधनिबंधात लिहितो, तेव्हा परीक्षक विचारणारच : आधार काय? पुष्कळदा तळटिपेत एकच शब्द आढळतो : 'गूगल'. पत्र कोणाचे, असे विचारले असता 'टपालवाल्याचे' म्हणून सांगावे, तसाच हा प्रकार. गूगल पान शोधून देते, लिहीत नाही.

बरे, पान उघडावे तर एका संकेतस्थळावर परळी आणि दुसऱ्यावर झारखंडातील देवघर! दोन्ही बाजू ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रांकडेच बोट दाखवितात. एका पाठात परळीचे नाव येते; शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या स्तोत्रात स्थान ईशान्येकडे सांगितले आहे. आमचा कल कोणीकडे, हे सांगावयास नको. तथापि निबंधात दोन्ही पाठ दिले पाहिजेत, आणि ते कोणत्या पोथीतून वा छापील आवृत्तीतून घेतले तेही. संकेतस्थळाने मूळ ग्रंथाचे नाव दिले असेल तर तो ग्रंथच गाठावा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली ती मूळ कागद पुढे ठेवण्यासाठीच. साधन बदलले म्हणून ही शिस्त बदलत नाही.

छापलेले पुस्तक आहे तसेच राहते. संकेतस्थळाचे पान रातोरात बदलते, कधी नाहीसेच होते. ऑर्कुट 2014 मध्ये बंद पडले, ट्विटरचे नाव 2023 मध्ये एक्स झाले. म्हणून लेखक, शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, संकेतस्थळाचे नाव व पूर्ण पत्ता यांबरोबर आपण ते पान कोणत्या दिवशी पाहिले तेही लिहावे. विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या जुन्या आवृत्त्या 'इतिहास' या सदरात राहतात. आपण वाचली त्याच आवृत्तीचा दुवा द्यावा. 1996 साली स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या संग्रहात आपण वापरलेले पान जतन करून ठेवता येते. ही सोय फार मोलाची आहे.

समाजमाध्यमांचे काय? मराठवाडी बोली लोक फेसबुकवर कशी लिहितात, हाच अभ्यासाचा विषय असेल तर तिथला मजकूर हाच अस्सल पुरावा होय. तो अशुद्धांसह जसाच्या तसा घ्यावा, तारीख व वेळ नोंदवावी, पडद्याचे चित्र ठेवावे. मात्र खाजगी माणसाचे नाव त्याच्या संमतीवाचून छापू नये. एखाद्या मंत्र्याने स्वतःच्या खात्यावर केलेले निवेदन, 'ते असे म्हणाले' एवढ्यापुरते चालेल. म्हणाले ते खरे होते की नाही, याचा शोध निराळा. आणि व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर? त्यास ना लेखक, ना तारीख. अमुक गोष्ट घडली यास तो साक्षीदार म्हणून उभा करता येत नाही.

महत्त्वाच्या पानांची छापील प्रतही जवळ असावी. परळीत औष्णिक वीजकेंद्र असले तरी वीज येथेही जाते, आणि कागद तेव्हाही वाचता येतो.