हिरव्या पाण्याचा इलाज

रिओच्या २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये सूर मारण्याचा तलाव एकाएकी हिरवागार झाल्याची छायाचित्रे त्या वेळी सर्वांनीच पाहिली. परंतु त्यामागचे कारण, जे चित्रांहून कितीतरी अधिक उद्बोधक आहे, बातम्यांच्या गर्दीत मागे पडले. उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, कंत्राटदाराच्या माणसांनी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, आणि स्वतः जंतुनाशक असलेल्या या द्रव्याने तेथल्या क्लोरीनलाच निष्प्रभ केले. शैवालाला मोकळे रान मिळाले; तालबद्ध जलतरणाच्या स्पर्धेसाठी तर शेजारच्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून नवे भरण्याची तजवीज करावी लागली.

लोणावळा, कर्जत, अलिबाग येथील बंगल्यांतून खासगी तलाव बांधणाऱ्या मंडळींनी या प्रकरणाचा दाखला अवश्य ध्यानात ठेवावा. कारण पाणी हिरवे दिसताच दुकानात मिळेल तो जिन्नस आणून ओतायचा, ही रीत आपल्याकडेही सर्रास आहे. वस्तुतः पहिले काम मोजणीचे. पाण्याचा सामू ७.५ असतो तेव्हा क्लोरीनचा जवळजवळ निम्मा भाग हायपोक्लोरस आम्लाच्या, म्हणजे शैवालाचा खरा संहार करणाऱ्या, रूपात असतो; तोच सामू ८ वर चढला की हा अंश पावहिश्श्यापर्यंत उतरतो, आणि मालक मात्र पिंपामागून पिंप रिकामे करीत राहतो. म्हणून सामू प्रथम ७.२ ते ७.४ च्या दरम्यान आणावा; भिंती व पायऱ्या ब्रशने घासून शैवालाचा बुळबुळीत थर फोडावा; मग ऊन क्लोरीनचा नाश करते हे जाणून सूर्यास्तानंतर, एरवी दहा लाख भागांत १ ते ३ असणारे त्याचे प्रमाण १० पर्यंत चढवावे, आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. आम्ल आणि क्लोरीन मात्र एका भांड्यात कधीही मिसळू नयेत. त्यातून विषारी वायू सुटतो.

हिरवेपणा गेल्यावर पाणी दुधाळ होते, आणि नेमक्या याच वेळी लोकांचा धीर सुटतो. ही मेलेल्या शैवालाची धूळ होय. तिच्यावर क्लोरीनचा इलाज नाही, गाळणीचा आहे. वाळूच्या गाळणीवरील दाब वाढला की पाण्याचा प्रवाह उलटा फिरवून ती धुवावी. एवढ्यानेही भागले नाही तर, पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आपल्या आज्या जी फिरवीत आणि नगरपालिकांची जलशुद्धीकरण केंद्रे आजही जी वापरतात, त्या तुरटीची योजना करावी. अतिसूक्ष्म कण एकत्र बांधून तळाशी नेण्याचे तिचे सामर्थ्य महागड्या बाटल्यांतील द्रव्यांहून उणे आहे असे आम्हांस वाटत नाही. रात्रभर पाणी स्थिर ठेवून सकाळी तो साका नळीने ओढून थेट गटारात सोडावा. गाळणीतून नेल्यास ती तुंबते. मोरचुदाचा मोह मात्र टाळावा, कारण तांब्याचे डाग गिलाव्यावर कायमचे बसू शकतात.

तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन नेहमीच्या प्रमाणावर येईपर्यंत कोणासही, विशेषतः मुलांना, पाण्यात उतरू देऊ नये. गढूळ पाण्यात बुडणारे मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही.