कागदावरचे गाणे आणि गळ्यातले गाणे

कसबा बावड्याच्या माणसाला दोन गोष्टींचा अभिमान बाळकडूबरोबरच मिळतो. एक, पंचगंगेकाठच्या उसाचा. आणि दुसरा, राजर्षी शाहू महाराज आमच्या गावचे, याचा. २६ जून १८७४ रोजी महाराजांचा जन्म झाला तो बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात. महाराजांचे नाव निघाले की आमच्याकडे कुस्तीची तालीम निघते, विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघतात, राधानगरीचे धरण निघते. ते योग्यच आहे. पण महाराजांनी कोल्हापुरात एक गवई आणून ठेवला, ही गोष्ट त्या यादीत फार खाली येते. पुष्कळदा येतच नाही. त्या गवयाचे नाव होते अल्लादिया खाँ.

ही यादी पुन्हा तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर आणली ती माझ्या भाच्याने. स्वारी नोकरीच्या निमित्ताने स्पेन देशात जाऊन राहिली आहे. एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "मावशी, ग्रानाडा नावाच्या गावी गेलो होतो. मान्वेल दे फाया म्हणून यांचा एक मोठा संगीतकार होऊन गेला. त्याचे संगीत राजवाड्याच्या चौकात बसून ऐकले. त्याच्या नावाचे सभागृह आहे, राहते घर जसेच्या तसे जपून ठेवले आहे. आपल्या कोल्हापुरात खाँसाहेबांचे असे काय आहे ग?"

मी मराठी शिकवते. गाण्यातली मी जाणकार नव्हे, नुसती श्रोती. तीही मागच्या रांगेतली. पण प्रश्न असा होता की तो डोक्यातून जाईना. म्हणून आधी या फायाबुवांची चौकशी केली, आणि मग आपल्या खाँसाहेबांकडे वळले. त्या चौकशीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

फायाचा जन्म १८७६ सालचा, काडिझ या बंदराच्या गावचा. पॅरिसला सात वर्षे काढून तो मायदेशी परतला आणि पुढे ग्रानाडाला येऊन राहिला. गावाच्या माथ्यावर अल्हाम्रा हा मूर राजांचा जुना राजवाडा. त्याच्या सावलीत फायाचे लहानसे पांढरे घर. माणूस प्रकृतीने किरकोळ, वृत्तीने विरागी, अतिशय देवभोळा, आणि लिहिण्याच्या बाबतीत कमालीचा चिकट. एकेक स्वर तोलून पाहील तेव्हा कागदावर उतरवील! स्पेनच्या उद्यानांतल्या रात्रींवर त्याने रचलेले वाद्यसंगीत १९१६ साली प्रथम वाजले. त्याच्या 'तीनकोनी टोपी' या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग १९१९ साली लंडनला झाला, तेव्हा पडदे आणि पोशाख पिकासोने रंगविले होते. पुढे १९७० साली स्पेनच्या सरकारने शंभर पेसेटांच्या नोटेवर फायाचा चेहरा छापला. संगीतकाराला नोटेवर बसविणारा देश पाहून मला जरा हेवाच वाटला.

ग्रानाडाचा संगीतोत्सव १९५२ साली सुरू झाला आणि तो दरवर्षी ऐन उन्हाळ्यात भरतो. तो एकट्या फायाचा नव्हे. जगभरचे वादक-गायक तिथे येतात. पण फाया हे त्या उत्सवाचे ग्रामदैवत म्हणावे असे आहे. राजवाड्याच्या गोल चौकात वाद्यवृंद बसतो, समोर कागद मांडलेले असतात, आणि जे फायाने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवले तेच स्वर, त्याच क्रमाने, पुन्हा उमटतात. रचनाकार गेला तरी त्याचा कागद मागे राहतो. 'अटलांटिडा' या आपल्या शेवटच्या मोठ्या रचनेवर फाया जवळजवळ वीस वर्षे खपला आणि ती अपुरी टाकून १९४६ च्या नोव्हेंबरात, दूर अर्जेंटिनात, वारला. पण टिपणे मागे होती. एर्नेस्टो हाल्फ्टर या त्याच्या शिष्याने ती जुळवून रचना पुरी केली आणि १९६१ साली ती लोकांनी ऐकली. गेलेल्या माणसाचे अर्धे गाणे पुरे करता येते, ही किमया त्या कागदाची.

आता आमच्या खाँसाहेबांकडे या. तेही १९४६ सालीच गेले. १६ मार्चला, मुंबईत. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. तरुणपणी अमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात राजाच्या आग्रहाखातर ते दिवसचे दिवस गात राहिले आणि त्यांचा आवाज पार बसला. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. दुसरा कोणी असता तर तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी त्या उरलेल्या आवाजाला मानवेल अशी नवी गायकीच घडविली. आकारात चाललेली, लयीला घट्ट धरून असलेली, वळणावळणाची, एका दमात लांबवर जाणारी. एका तानेतून दुसरी तान निघते आणि समेवर अशी अलगद येते की ऐकणाऱ्याला वाटावे, समच चालून यांच्याकडे आली! १८९५ च्या सुमारास ते शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापूरला आले आणि पाव शतकाहून अधिक काळ इथे राहिले.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला मागे विचारले होते, "मॅडम, घराण्याचे नाव जयपूर-अत्रौली. मग त्यात कोल्हापूर कुठे आले?" प्रश्न बिनतोड होता. अत्रौली उत्तर प्रदेशातले, जयपूर राजस्थानातले. आणि ज्या गावात ही गायकी पिकली, जिथे तिला शिष्य मिळाले, त्या गावाचे नाव पाटीवर नाही. भास्करबुवा बखल्यांसारखा गुणी गवई खाँसाहेबांकडे शिकला. गोविंदराव टेंबे, ज्यांनी १९११ साली 'मानापमान'च्या चाली बांधल्या, त्यांनी खाँसाहेबांचे गाणे जवळून ऐकले, अभ्यासले आणि त्याविषयी लिहिले. त्या काळी मराठी नाटकाच्या पदांतून जे उमटले, त्यात या गायकीचाही वाटा होता.

६ मे १९२२ रोजी महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. योगायोग पाहा, त्याच वर्षी जूनच्या १३ आणि १४ तारखेला ग्रानाडात एक विलक्षण प्रकार घडला. अल्हाम्राच्या आवारात फाया आणि त्याच्या मित्रांनी गाण्याची एक स्पर्धा भरविली. त्या मित्रांत चोवीस वर्षांचा लोर्का हा कवीही होता. स्पर्धा कसली, तर 'कान्ते होन्दो' म्हणजे खोल गाणे, जे अंदालुसियाचे जिप्सी आणि गोरगरीब गात, त्याची. धंदेवाईक गवयांना मज्जाव! गावातल्या शिष्टांनी नाके मुरडली. दारूच्या गुत्त्यातल्या गाण्यावर नगरपालिकेचा पैसा का उधळावा, असा सवाल वर्तमानपत्रांतून झाला. पण स्पर्धा झाली. पहिल्या मानकऱ्यांत एक होता बारा-तेरा वर्षांचा पोर, जो पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजला. आणि दुसरा दिएगो बर्मुदेस नावाचा सत्तरीच्या आसपासचा म्हातारा. सुरी लागून त्याचे फुप्फुस जायबंदी झाले होते आणि कित्येक वर्षे त्याने गाणे सोडले होते, असे सांगतात. तो दूरच्या गावाहून पायी चालत स्पर्धेला आला, अशीही आख्यायिका आहे. अमलेट्याला आवाज गमावलेल्या खाँसाहेबांची आठवण इथे झाल्याशिवाय कशी राहील?

मला सगळ्यांत नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे. या स्पर्धेच्या निमित्ताने फायाने एक पुस्तिका लिहिली. तीत तो सांगतो की हे खोल गाणे आणि हिंदुस्थानचे गाणे यांचे नाते आहे. दोहोंत स्वरांमधले बारीक अंतर, ज्याला आपण श्रुती म्हणतो, ते जपलेले आहे, आणि दोहोंत अलंकार वरून चिकटविलेले नसून भावनेच्या भरात आपोआप येतात. जिप्सी मूळचे भारतातून गेलेले, हे आता भाषाशास्त्रानेही मान्य केले आहे. म्हणजे ज्या माणसाचा सारा जन्म कागदावर स्वर लिहिण्यात गेला, त्यालाच कळले होते की काही गाणे कागदात मावत नाही. ते जपायचे तर लिहून घेणे पुरत नाही. गाणारा शोधून त्याला चारचौघांत गायला बसवावे लागते.

आमच्या खाँसाहेबांचा तर कागद नव्हताच. त्यांनी आपल्या आवाजाची ध्वनिमुद्रिकाही निघू दिली नाही. आज त्यांचा एक सूर आपल्याला ऐकायला मिळत नाही. मग खोकर, बसंती केदार, संपूर्ण मालकंस असे त्यांच्या गायकीचा शिक्का असलेले अनवट राग आपल्यापर्यंत आले कसे? मराठीच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर परके वाटणार नाही. तुकोबांचा गाथा इंद्रायणीतून तरला, असे भाविक सांगतात. तो लोकांच्या कंठात होता म्हणून तरला, असे दुसरे सांगतात. खाँसाहेबांचे गाणे असेच तरले.

आणि ते कोणाच्या कंठात राहिले, हेही पाहण्याजोगे आहे. मुलगा भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिला आणि शिकवीत राहिला. मल्लिकार्जुन मन्सूरांना आधी मंजी खाँची आणि मग या भूर्जी खाँची तालीम मिळाली. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णीही भूर्जी खाँकडे शिकल्या. पण खुद्द खाँसाहेबांची विद्या पेलली ती गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी. ज्या समाजात या दोघी जन्मल्या त्याच्या बायकांचे गाणे लोक रात्री ऐकत आणि दिवसा त्यांना घराच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. ग्रानाडाच्या शिष्टांनी जिप्सींना जसे वागविले तसेच हे. त्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर ताऱ्यांकडे रवाना झाली. मोगूबाईंची विद्या मुलीकडे, किशोरी आमोणकरांकडे, आली आणि तिथे तिला नवे धुमारे फुटले. उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांनीच घरातला ठेवा सांभाळला, असे हे आहे.

म्हणून आपल्याकडच्या संगीतोत्सवांचा मला वेगळा अर्थ लागतो. आपल्या बाजूला उत्सवांची वाण नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात गवई हजेरी लावतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनांनी गुरूच्या आठवणीसाठी १९५३ साली सुरू केला. गोव्यात केसरबाईंच्या नावाने समारोह होतो. कोल्हापुरात १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आहे, आणि तिथल्या बैठकींत मी मागच्या रांगेत बसून कान शेकून घेतले आहेत. फायाचा उत्सव एखाद्या वर्षी झाला नाही, तरी त्याचे कागद कपाटात सुखरूप राहतील. आणखी पन्नास वर्षांनी कोणी ते काढून वाजवील. आपल्याकडे खोकर गाणारा शेवटचा गवई गेला आणि त्याच्यापुढे बसून ऐकणारा कोणी नसला, तर खाँसाहेब दुसऱ्यांदा वारतील. ध्वनिफिती राहतील, पण ध्वनिफीत शिष्याची चूक दाखवून 'पुन्हा म्हण' असे म्हणत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधविलेले, १९१५ साली उभे राहिलेले ते नाट्यगृह जळताना कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. ते पुन्हा बांधायचे, असा निर्धार तिथल्या तिथे झाला. वास्तूसाठी रडणारे हे गाव मला फार जवळचे वाटले. पण मनात एक विचार आलाच. भिंत जळते तेव्हा धूर दिसतो, घंटा वाजवीत बंब येतात. एखादा राग विस्मरणात जातो तेव्हा कसलाही आवाज होत नाही.

भाच्याच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. खाँसाहेबांसाठी आपल्याकडे काय आहे, तर गाणारे थोडे आहेत आणि ऐकणारे त्याहून थोडे. सभागृहे सरकारने बांधावी, उत्सव संस्थांनी भरवावे. पण ऐकणारा तयार करणे हे तुमचे-आमचे काम. गेल्या वर्षी मी वर्गातल्या चाळीस मुलांना एका बैठकीला बोलावले. सात आली. विलंबित ख्याल संपायच्या आत त्यांतली चार उठून गेली. उरलेल्या तिघांपैकी एक मुलगी, साखर कारखान्यातल्या कामगाराची, बाहेर पडताना मला म्हणाली, "बाई, काय गात होते ते कळलं नाही, पण समेवर आल्यावर बरं वाटायचं." मला एवढे पुरे आहे. समेवर बरे वाटणे ही श्रोत्याची पहिली इयत्ता.

येत्या १६ मार्चला आमच्या बावड्यात, माझ्याच माडीवर, वीस-पंचवीस माणसांची एक बैठक करण्याचा बेत आहे. हारतुरे नाहीत, भाषणे नाहीत, अध्यक्ष नाहीत. देवल क्लबात ओळख झालेले एक गृहस्थ खाँसाहेबांच्या परंपरेतला एक राग तासभर गातील आणि आम्ही ऐकू. मार्च महिना परीक्षांचा असतो, हे मला प्राध्यापक म्हणून पुरेपूर ठाऊक आहे. तरी त्या मुलीला मी आताच सांगून ठेवले आहे. आणि येताना मैत्रिणीला घेऊन ये, असेही बजावले आहे.